महाकवी दान्ते याचे न घडलेले थडगे

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाची सिद्धता सुरू झाली, तेव्हा समितीच्या पहिल्याच बैठकीत एक सूचना पुढे आली. ज्या फादरांनी आपल्या या देवळाचा पाया घातला, त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे दुसऱ्या एका धर्मग्रामात काढली व त्यांचा देहही तेथल्याच दफनभूमीत विसावला आहे. त्यांच्या अस्थी समारंभपूर्वक येथे आणाव्यात आणि वेदीच्या उजव्या अंगास संगमरवरी थडगे बांधून त्यात त्या ठेवाव्यात, अशी ती सूचना होती. सूचनेस तत्काळ अनुमोदन मिळाले. एका होतकरू मूर्तिकाराने तर थडग्याचे चित्रही काढून आणले. त्या दुसऱ्या धर्मग्रामाकडे आम्ही सहज विचारणा केली असता उत्तर आले ते सभ्य होते, परंतु त्यात होकार नव्हता. पुढे स्मरणिकेसाठी आम्ही काही ऐतिहासिक लेख द्यावा असे ठरले, तेव्हा हे चित्र आमच्या मेजावर पडलेले होते. आणि ते पाहता पाहता सेमिनरीत असताना वाचलेली एक जुनी हकीकत आम्हांस आठवली. तीत एक महाकवी आहे, एक जगद्विख्यात मूर्तिकार आहे, एक पोप महाराज आहेत आणि थोडेसे फ्रान्सिस्कन साधूही आहेत. वाचकांच्या सेवेस ती सादर करतो.

दान्ते आलिगिएरी हा इटलीतील फ्लॉरेन्स शहरी १२६५ साली जन्मला. तेथील संत योहान बाप्तिस्ता याच्या नावे असलेल्या प्राचीन बाप्तिस्मागृहात त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्या वास्तूचा त्याला जन्मभर विसर पडला नाही. त्याच्या महाकाव्याचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असेल. त्याने त्यास नुसते ‘कोमेदिया’ म्हटले होते. ‘दिव्य’ हे विशेषण पुढच्या पिढ्यांनी लाविले. नरक, शुद्धिस्थान व स्वर्ग या तीन लोकांतील जीवात्म्याचा प्रवास त्यात शंभर सर्गांत वर्णिला आहे. विद्वानांची लॅटिन भाषा बाजूस सारून त्याने हा ग्रंथ आपल्या टस्कन लोकभाषेत रचिला. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र गावयास मराठी भाषा पत्करली व त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना दान्तेच्या या निवडीचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु हा ग्रंथ फ्लॉरेन्समध्ये लिहिला गेला नाही. शहरात त्या काळी ‘श्वेत’ आणि ‘कृष्ण’ अशा दोन पक्षांचे हाडवैर माजले होते. दान्ते १३०० सालच्या उन्हाळ्यात दोन महिने नगराच्या सहा मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक होता व श्वेत पक्षाचा होता. पुढच्या वर्षी तो पोप आठवे बोनिफास यांच्याकडे वकिलीवर गेला असताना मागे कृष्ण पक्षाने शहर हस्तगत केले. २७ जानेवारी १३०२ रोजी सार्वजनिक पैशाच्या अपहाराचा आरोप ठेवून त्याला ५,००० फ्लोरिन दंड व दोन वर्षांची हद्दपारी सुनावण्यात आली. तो हजर झाला नाही, तेव्हा १० मार्च रोजी, सापडल्यास जिवंत जाळावा असा निकाल झाला. या उलथापालथीत पोप महाराजांच्या राजकारणाचाही हात होता, हे लपविण्यात अर्थ नाही. दान्तेनेही ते लपविले नाही. बोनिफास जिवंत असल्याच्या काळात आपली कथा मांडून त्याने त्यांच्यासाठी नरकात जागा राखून ठेविली. पोपपदाविषयी अंतःकरणात पूज्यभाव आणि पदावरील व्यक्तीविषयी असा कठोर संताप, या दोन्ही गोष्टी एकाच श्रद्धावंत मनुष्याच्या ठायी कशा नांदतात, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने दान्ते वाचावा.

तेव्हापासून तो परक्यांच्या दारी राहिला. १३१५ साली फ्लॉरेन्सने हद्दपार लोकांना क्षमा देऊ केली. अट अशी की काही दंड भरावा आणि त्याच बाप्तिस्मागृहात अपराध्याप्रमाणे उभे राहून प्रायश्चित्त घ्यावे. ज्या ठिकाणी आपण ख्रिस्ताचे झालो त्या ठिकाणी न केलेल्या चोरीची कबुली द्यावयाची, हे त्याच्याने होईना. त्याने नकार कळविला, आणि त्याच वर्षी शिक्षा पुन्हा कायम करताना त्याच्या मुलांनाही तीत गोवण्यात आले. स्वर्गखंडाच्या पंचविसाव्या सर्गात त्याने आपली आशा बोलून दाखविली आहे: हे काव्य कधीतरी माझ्या नगरीचे मन वळवील आणि माझ्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी मला कवीचा मुकुट लाभेल. ती आशा फळास आली नाही. अखेरची वर्षे राव्हेन्ना येथे गुइदो नोव्हेल्लो दा पोलेन्ता या अधिपतीच्या आश्रयाने त्याने सुखात काढली, ग्रंथ पुरा केला, आणि व्हेनिसची वकिली करून परतताना हिवतापाने आजारी पडून १३२१ च्या सप्टेंबरात, पवित्र क्रुसाच्या सणाच्या आदल्या रात्री, तो मरण पावला. फ्रान्सिस्कन साधूंच्या देवळापाशी त्याला पुरले. गुइदोच्या मनात भव्य थडगे उभारावयाचे होते, पण दुसऱ्याच वर्षी त्याची सत्ता गेली आणि तो संकल्प तेथेच राहिला. दान्तेच्या न घडलेल्या स्मारकांपैकी हे पहिले.

फ्लॉरेन्सला पश्चात्ताप व्हावयास फार दिवस लागले नाहीत, मात्र तो हप्त्याहप्त्याने आला. १३५० साली तेथील एका धर्मबांधवांच्या मंडळाने लेखक बोक्काच्चो याच्या हाती दहा सोन्याचे फ्लोरिन देऊन त्यास राव्हेन्नाला धाडिले. ते पैसे दान्तेच्या कन्येस द्यावयाचे होते. ती त्या वेळी राव्हेन्नाच्याच एका मठात जोगीण होती व तिने संन्यासिनीचे नाव बेआत्रिचे असे घेतले होते. बापावर दंड पाच हजारांचा आणि लेकीला नजराणा दहांचा! तिने तो कोणत्या मुद्रेने घेतला असेल याची कल्पना करावयास आम्हांस आवडते. १३७३ साली त्याच बोक्काच्चोला सरकारी वेतन देऊन फ्लॉरेन्सने दान्तेवर जाहीर व्याख्याने करविली. १३९६ साली ठराव झाला की दान्ते व अन्य काही थोर लेखक यांच्या अस्थी आणून मुख्य देवळात त्यांची थडगी बांधावीत. राव्हेन्नाने अस्थी दिल्या नाहीत. १४२९ च्या सुमारास पुन्हा मागणी झाली, उत्तर तेच. तिकडे १४८३ साली राव्हेन्नाच्या व्हेनिसकर कारभाऱ्याने, बेर्नार्दो बेम्बो याने, पिएत्रो लोंबार्दो नावाच्या मूर्तिकाराकडून थडग्यावर एक सुंदर शिल्प बसविले. पुस्तक समोर ठेवून हनुवटीला हात लावून बसलेला हा दान्ते आजही तेथे पाहावयास मिळतो.

यानंतर राजकारणाचा पट फिरला. १५०९ साली राव्हेन्ना व्हेनिसच्या हातून जाऊन पोपांच्या राज्यात आले, आणि १५१३ साली पेत्राच्या आसनावर दहावे लिओ बसले. हे लिओ कोण? फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातील लोरेन्झोचे पुत्र, म्हणजे जन्माने फ्लॉरेन्सकर. शंभरांहून अधिक वर्षे जे मागून मिळाले नाही ते आता आपल्याच माणसाच्या एका आज्ञेने मिळणार, हे फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी ओळखले. मेदिची अकादमी या नावाने एकत्र आलेल्या मंडळींनी २० ऑक्टोबर १५१९ रोजी पोप महाराजांना एक अर्ज केला. अर्ज लॅटिनमध्ये होता. कवीच्या अस्थी त्याच्या मातृभूमीस परत मिळाव्यात, अशी त्यातील विनंती. आणि खाली नामांकित लोकांच्या सह्या. वृद्ध कवी जिरोलामो बेनिव्हिएनी हाही त्यांत होता. या सह्यांच्या रांगेत एक ओळ टस्कन भाषेत आहे, दान्तेच्या भाषेत. तीत लिहिणारा म्हणतो की, मी मूर्तिकार मायकेलअँजेलो हीच विनंती आपल्या पवित्र चरणी करतो, आणि या नगरीत सन्मानाच्या जागी त्या दिव्य कवीस शोभेल असे थडगे घडविण्यास मी स्वतः सिद्ध आहे.

आमच्या या लेखाचा विषय म्हणजे ही एक ओळ होय. या थडग्याचे रेखाचित्र नाही, मातीचा नमुना नाही, संगमरवराच्या खाणीस दिलेली मागणी नाही. आहे तो एका मूर्तिकाराने दिलेला शब्द.

हा शब्द देणारा मनुष्य त्या वेळी चव्वेचाळीस वर्षांचा होता. रोममधील ‘पिएता’ मूर्ती, मरण पावलेल्या पुत्राला मांडीवर घेतलेली आपली पवित्र माता, त्याने पंचविशीच्या आत घडविली होती. सिस्टीन प्रार्थनामंदिराचे छत रंगवून सात वर्षे झाली होती. आणि दान्ते तर त्याच्या जिभेवर होता. तरुणपणी बोलोन्या येथे अल्दोव्रांदी नावाच्या सरदाराच्या घरी त्याने एक वर्षभर आश्रय घेतला, तेव्हा रात्री यजमानाला झोप लागेपर्यंत तो दान्ते वाचून दाखवीत असे, असे त्याच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. टस्कन उच्चार यजमानास फार आवडत. मायकेलअँजेलो स्वतः कविता करी. दान्तेच्या हद्दपारीवर त्याने दोन सुनीते लिहिली आहेत, आणि त्यांत आपल्याच नगरीच्या कृतघ्नपणाबद्दल त्याने जो संताप ओतला आहे तो परक्यालाही शोभता ना. अशा मनुष्याने जेव्हा मी थडगे करतो असे लिहिले, तेव्हा ती दरबारी शिष्टाचाराची भाषा नव्हती, असे मानावयास आम्हांस काही अडचण वाटत नाही.

पोप महाराजांनी अनुज्ञा दिली. अकादमीचे प्रतिनिधी राव्हेन्नाला गेले. थडग्याची शिला दूर झाली, आणि आत पाहतात तो काय? दान्ते नाही! थोडी धूळ आणि बोटांची एकदोन बारीक हाडे, एवढेच काय ते आत उरले होते. रिकाम्या हाताने परतलेल्या मंडळींच्या वतीने जे निवेदन पोप महाराजांकडे गेले त्यातील विनोद असा की, त्या ठिकाणी दान्ते ना आत्म्याने सापडला ना देहाने. जिवंतपणी तो देहात्म्यासह नरक, शुद्धिस्थान व स्वर्ग हिंडून आला, तेव्हा मेल्यावरही यांपैकी एखाद्या लोकी त्याला तसाच घेतला असावा. हसण्यावारी नेण्यावाचून गत्यंतर नव्हते, हेच या विनोदावरून दिसते. लिओ महाराजांनीही त्याचा पाठपुरावा केलेला दिसत नाही. जर्मनीत लूथरचे प्रकरण पेटले होते. दोन वर्षांनी, १ डिसेंबर १५२१ रोजी, ते निवर्तले.

घडले होते ते असे. थडग्याची मागची बाजू साधूंच्या मठाच्या भिंतीस लागून होती. फ्लॉरेन्सची मंडळी येणार ही वार्ता लागताच साधूंनी मठाच्या बाजूने भिंतीस भोक पाडले, तेथून शवपेटीच्या दगडालाही, आणि अस्थी एकेक करून ओढून घेतल्या. गडबडीत जी हाडे आत पडली ती पडली. पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ मठाबाहेर कोणासही या गोष्टीचा पत्ता लागला नाही.

साधूंच्या या कृत्याविषयी काय म्हणावे? त्यांनी आज्ञापालनाचे व्रत घेतलेले होते, आणि आज्ञा खुद्द पोप महाराजांची होती. व्रताच्या तराजूत घातले तर पारडे त्यांच्या विरुद्ध जाते; आम्ही पाप-निवेदन ऐकावयास बसलो असतो तर त्यांना पाठीशी घालू शकलो नसतो. पण दुसरी बाजूही मांडावयास हवी. हा मनुष्य जिवंत असताना ज्यांनी त्यास जाळण्याचा हुकूम काढला, तेच आता त्याच्या हाडांवर हक्क सांगत होते. आणि तो हुकूम त्यांनी तोवर रद्दही केला नव्हता. साधूंनी मात्र त्याला मरणसमयी जागा दिली होती व दोन शतके त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना केल्या होत्या. शिवाय, धास्तीची त्यांना जुनी ओळख होती. दान्तेच्या मरणानंतर काही वर्षांनी कार्डिनल बेर्त्रांदो देल पोज्जेत्तो यांनी त्याचा ‘मोनार्किया’ हा राजनीतीवरील ग्रंथ पाखंडी म्हणून जाळविला आणि अस्थीही जाळावयाचा त्यांचा विचार होता. काही सरदार आड आले म्हणून तो प्रसंग टळला, असे बोक्काच्चो सांगतो. ज्यांच्या मठात असल्या आठवणी पिढ्यानपिढ्या चालत आल्या, त्यांनी कोणाच्याही आज्ञापत्राकडे थोडे संशयाने पाहिले असेल. चोरी ती चोरीच. तथापि मालकी कोणाची हेच जेथे ठरलेले नाही, तेथे चोर कोण हेही ठरविणे सोपे नाही.

आता कलावंतांचे गाऱ्हाणे. ते म्हणतात, या मूठभर साधूंच्या हट्टापायी जग मायकेलअँजेलोच्या एका थोर कृतीस मुकले. ही हळहळ आम्हांसही वाटते. पण १५१९ साली त्याच्यापुढे कामे काय होती ती पाहिली म्हणजे ती थोडी निवते. पोप दुसरे ज्यूलियस यांचे थडगे त्याने १५०५ साली अंगावर घेतले होते. मूळ योजनेत चाळीसांहून अधिक मूर्ती होत्या. ते उभे राहिले १५४५ साली, पुष्कळच आटोपते होऊन, संत पेत्राच्या साखळदंडाच्या देवळात. त्याच लिओ महाराजांनी त्याला फ्लॉरेन्समधील संत लॉरेन्सच्या देवळाचा दर्शनी भाग सांगितला होता. त्यासाठी त्याने खाणीत डोंगर फोडण्यात वर्षे घालविली, आणि १५२० साली ते काम काढून घेण्यात आले. त्या देवळाची दर्शनी भिंत आजही उघड्या ओबडधोबड दगडांची आहे. पाठोपाठ मेदिची घराण्याची थडगी आली, तीही त्याच्या हातून पुरी झाली नाहीत. १५३४ साली तो रोमला गेला आणि पुन्हा जिवंतपणी फ्लॉरेन्सला आला नाही. या यादीत दान्तेचे थडगे पडले असते तर काय गत झाली असती, हे सांगावयास ज्योतिषी नको. अर्धवट कोरलेला एखादा दगड आज एखाद्या संग्रहालयात असता, आणि अस्थी एखाद्या कोठीत थडगे पुरे होण्याची वाट पाहत पडल्या असत्या.

तरीही दिलेला शब्द अगदीच वाया गेला असे नव्हे. सिस्टीन प्रार्थनामंदिराच्या वेदीमागील भिंतीवर मायकेलअँजेलोने १५३६ ते १५४१ या वर्षांत ‘अंतिम न्याय’ रंगविला. त्यात उजव्या कोपऱ्यात खाली, वल्हे उगारून पाप्यांना होडीतून हाकणारा कारोन आणि शेपटीचे वेढे घेतलेला मिनोस दिसतो. पवित्र शास्त्रात हे दोघे कोठे आहेत? कोठेच नाहीत, ते सरळ दान्तेच्या नरकातून उठून आले आहेत. आणि ज्यूलियस महाराजांचे जे थडगे अखेर उभे राहिले, त्यात प्रसिद्ध मोशेच्या दोन्ही अंगांस दोन स्त्रिया उभ्या आहेत: लेआ व राहेल, कर्ममय जीवन व चिंतनमय जीवन. या जोडीची कल्पना त्याने शुद्धिस्थानखंडातून घेतली, असे त्याचा शिष्य व चरित्रकार कोंदिव्ही याने लिहून ठेविले आहे. मोशेची दाढी पाहून माघारी फिरणाऱ्या यात्रेकरूंना आमची विनंती आहे की, त्यांनी त्या दोघींपुढेही क्षणभर थांबावे. दान्तेच्या थडग्यासाठी जे चिंतन झाले असेल, त्याचा अंश दुसऱ्याच्या थडग्यावर उतरला आहे, असे आम्हांस वाटते.

मायकेलअँजेलोच्या स्वतःच्या देहाची कथाही येथे सांगितली पाहिजे, कारण ती या कथेचा जणू उलटा छाप आहे. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी तो रोम येथे वारला. तेथील लोकांस त्याला तेथेच ठेवावयाचे होते. पण त्याच्या पुतण्याने, लिओनार्दोने, तो देह मालाच्या गाठोड्याप्रमाणे बांधून गुपचूप वेशीबाहेर काढला आणि फ्लॉरेन्सला पोहोचविला. दान्तेची हाडे चोरली गेली ती फ्लॉरेन्सला जाऊ नयेत म्हणून. मायकेलअँजेलोचा देह चोरला गेला तो फ्लॉरेन्सला जावा म्हणून. पवित्र क्रुसाच्या देवळात, सांता क्रोचेत, त्याचे थडगे आहे. आणि त्याच्या अगदी शेजारी दान्तेचेही आहे! स्तेफानो रिच्ची याने ते घडविले, १८३० साली त्याचे अनावरण झाले. त्यावर कवी बसलेला आहे, बाजूस शोक करणारी काव्यदेवता आहे, सर्व काही यथासांग आहे. आत मात्र कोणी नाही.

मग अस्थी होत्या कोठे? १६७७ साली मठातील फ्रा अंतोनियो सांती याने त्या एका साध्या लाकडी पेटीत ठेवून पेटीवर आपले नाव व तारीख लिहिली. १७८० च्या सुमारास कार्डिनल लुइजी व्हालेन्ती गोंझागा यांनी राव्हेन्नात कामिल्लो मोरिज्या या स्थापत्यकाराकडून घुमटीचे नवे थडगे बांधविले. जगभरचे कविजन तेथे येऊन डोकी टेकवीत, आणि अस्थी पलीकडे! १८१० साली नेपोलियनच्या अमदानीत मठ मोडले गेले तेव्हा साधूंनी जाता जाता ती पेटी जवळच्याच एका बुजविलेल्या दारात चिणून टाकिली व गुपित आपल्याबरोबर नेले.

१८६५ साल हे कवीच्या जन्माचे सहाशेवे वर्ष. त्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. १४ मे रोजी राजे दुसरे व्हिक्टर इमॅन्युएल यांच्या समक्ष सांता क्रोचेच्या चौकात दान्तेच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळा घडविणारा एन्रिको पाझ्झी, मूळचा राव्हेन्नाचाच. या सोहळ्यास दोन आठवडेही लोटले नव्हते, तोच २७ मे रोजी राव्हेन्नात डागडुजीच्या कामावरील गवंड्यांनी भिंत फोडली आणि आतून एक पेटी बाहेर पडली. त्यावरील लॅटिन अक्षरे एका विद्यार्थ्याने वाचली म्हणून ती हाडे कोठे टाकली जाण्यापासून वाचली. थडगे उघडून पाहिले. पेटीत जी बारीक हाडे कमी भरली तसली तेथे सापडली. साडेतीनशे वर्षांपूर्वी भोकातून ओढताना हातची निसटलेली होती ती! सगळी एकत्र करून मोरिज्याच्या घुमटीखाली ठेवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावाच्या भीतीने मार्च १९४४ ते डिसेंबर १९४५ पर्यंत ती शेजारच्या बागेत पुरून ठेविली होती. म्हणजे साधूंची विद्या नगरपालिकेलाही उपयोगी पडली.

येथे एक गोष्ट आपल्या मुलखाची. आपल्यापैकी बहुतेकांनी जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या देवळात संत फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन घेतले आहे. रुप्याच्या पेटीखालचा जो रंगीत संगमरवराचा व ब्राँझच्या चित्रपट्टांचा उंच चौथरा आपण मान वर करून पाहतो, तो फ्लॉरेन्सहून आलेला आहे. टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो, मेदिची घराण्यातीलच, यांनी फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या मूर्तिकाराकडून तो करवून घेतला आणि समुद्रमार्गे पाठविला. १६९८ साली तो गोव्यात उभा राहिला. ज्या नगरीला आपल्या पुत्राचे थडगे साधले नाही, तिने नाव्हारा प्रांती जन्मलेल्या, चीनच्या किनाऱ्यावर मेलेल्या एका परदेशी संतासाठी हिंदुस्थानात संगमरवर धाडिला. आणि यासाठी तिने संताचे पवित्र अवशेष फ्लॉरेन्सला मागितले नाहीत. संतांचे मस्तक ज्यावर टेकले होते ती उशी ड्यूकना भेटीदाखल मिळाली होती. तेवढ्यावर ते संतुष्ट होते.

पवित्र सभेनेही दान्तेशी आपला हिशेब केव्हाच पुरा केला आहे. ज्याचा एक ग्रंथ कार्डिनलांनी जाळविला, त्याच्या सहाव्या मृत्युशताब्दीस पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ३० एप्रिल १९२१ रोजी स्वतंत्र विश्वपत्र लिहून त्याला आमचा म्हणून गौरविले. पोप सहावे पॉल यांनी १९६५ साली त्याच्याविषयी प्रेषितपत्र काढले व थडग्यासाठी सोन्याचा क्रूस पाठविला; पोप फ्रान्सिस यांनी २५ मार्च २०२१ रोजी पुन्हा त्याच्याविषयी लिहिले. फ्लॉरेन्सच्या नगरपरिषदेने हद्दपारीचा निकाल मागे घेण्याचा ठराव केला तो २००८ साली, म्हणजे सातशे सहा वर्षांनी. नगरपालिकांचे काम सर्वत्र सारखेच.

परंतु फ्लॉरेन्सने केलेली एक गोष्ट आमच्या मनास फार भावली. राव्हेन्नाच्या थडग्यात एक दिवा तेवत असतो. १९०८ सालापासून त्या दिव्याचे तेल फ्लॉरेन्स देते. दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी तेथील लोक टस्कनीच्या जैतुनाचे तेल घेऊन डोंगर ओलांडून येतात व दिव्यात ओतून परत जातात. अस्थी मागण्याचे त्यांनी सोडून दिले आहे.

संगमरवरी थडग्याचे ते चित्र आम्ही मूर्तिकारास आभारपूर्वक परत केले असून, देवळाच्या व्हरांड्यात लावावयाच्या साध्या शिलालेखाचे काम त्यासच सांगितले आहे. अस्थींविषयीचा जो अर्ज बिशप महाराजांकडे जावयाचा होता, तो समितीच्या संमतीने थांबविण्यात आला आहे. येत्या २ नोव्हेंबरास, सर्व मृतांच्या दिवशी, सकाळच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील मंडळी मेणबत्त्या घेऊन त्या दुसऱ्या दफनभूमीस जातील. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे आदल्या रविवारपर्यंत समितीच्या चिटणिसांकडे द्यावीत.